खळ लावलेली खेळपट्टी

नारपोलीच्या एका सायझिंगमध्ये मी सुताला खळ लावतो. लूमवर चढायच्या आधी सूत खळीतून काढून वाळवावं लागतं, नाहीतर ते पटापट तुटतं. हे झालं पोटाचं काम. ड्युटी सुटली की सायकल कोन गावाच्या बाजूला, आमच्या क्लबच्या मैदानावर. तिथली खेळपट्टी मी अठरा वर्षं सांभाळली. पगार नाही, पावती नाही. एक रोलर, एक पाण्याचा पाइप आणि रोलरच्या खोलीची चावी, एवढी माझी इस्टेट. बायको म्हणायची, घरात दोन भेगा पडल्यात त्या दिसत नाहीत, तिकडची एक भेग बघायला मात्र धावता. म्हणायची ते खरंच होतं.

क्लबचा सेक्रेटरी माझा लहानपणापासूनचा दोस्त. एका बाकावर बसलो, एकाच विहिरीत पोहायला शिकलो. तो पुढे मास्तर झाला, मी सायझिंगला लागलो, पण रविवारी जेवायला तो आमच्याकडेच. माझ्या बायकोच्या हातची सुकट त्याला लागायची.

यंदा जिल्ह्याच्या लेदर बॉल स्पर्धेचा उपांत्य सामना पहिल्यांदाच आमच्या मैदानाला मिळाला. मला तर आनंदाने जेवण सुचेना. आणि सामन्याला चार दिवस उरले असताना या बाबाने मैदान एका लग्नाला देऊन टाकलं! मला विचारलं नाही की सांगितलं नाही. मी शिफ्ट संपवून गेलो तर मांडववाल्याचा टेम्पो खेळपट्टीवरूनच आत-बाहेर करत होता. शेजारची सरावाची पट्टी होती, तिच्यावर आचाऱ्याने चुली मांडलेल्या. लग्न उरकलं तेव्हा वरची माती पिठासारखी सुटली होती. पाणी मारून, रोलर फिरवून ती बसायला आठवडा तरी हवा. हातात होते दोन दिवस.

मी त्याला म्हटलं, जिल्ह्याच्या साहेब लोकांना आत्ताच फोन कर, सामना दुसरीकडे खेळवतील, फार तर चार शब्द ऐकवतील. तो म्हणाला, एकदा गेला तर पुन्हा या मैदानाकडे कुणी बघणार नाही. मग मातीत पाय घासत म्हणाला, "तुझ्या खळीनं सूत तुटत न्हाय, मग माती कशी सुटंल?"

आता वाटतं, तिथेच त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं. मास्तर माणूस माझ्या कामाची अक्कल मागतोय, या कौतुकात माझी स्वतःची अक्कल गहाण पडली. सूत वाकतं, माती वाकत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सायझिंगमधून उरलेल्या खळीचे दोन डबे आणले. दोघांनी मिळून ती पातळ केली, ओतली, केरसुणीने पसरवली. तो कोपरापर्यंत माखला होता. त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यात खळ शिरली, तर मी म्हटलं, काढून ठेव की येड्या. तो हसला. संध्याकाळपर्यंत पट्टी फरशीसारखी टणक झाली. चेंडू टाकून बघितला, काय सुरेख उसळला! आम्ही दोघांनी टाळी दिली.

सामन्याच्या सकाळी दोन अंपायर आले. एकाने खिशातली चावी मातीत दाबून बघितली आणि मान डोलावली. टॉस झाला. टॉस होईपर्यंत खेळपट्टी माझी, टॉस झाल्यावर ती अंपायरांची, असा नियम. मी दोरीबाहेर जाऊन बसलो.

चार षटकं झकास गेली. मग ऊन चढलं आणि खळीचा पापुद्रा तडकला. पाचव्या षटकात चांगल्या टप्प्यावरचा चेंडू उसळून फलंदाजाच्या हेल्मेटवर आदळला. पुढचा त्याच जागेवरून सरपटत गेला. पोरगं खाली बसलं, डोक्याला हात लावून.

दोन्ही अंपायर मधोमध आले. दोघांचंही एकमत झाल्याशिवाय खेळ थांबवता येत नाही. त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. दोन्ही कप्तानांना बोलावून सांगितलं, बेल्स काढल्या आणि सामनाधिकाऱ्यांना हात केला. ते शांत, वयस्कर गृहस्थ होते. उकिडवे बसले, नखाने एक ढलपी उचलली, बोटांत चुरली, वास घेतला. शेजारच्या पट्टीवर खेळवता येईल का म्हणून बघायला गेले, तर तिथे चुलींचे काळे डाग आणि राख. परत आले आणि क्लबच्या सेक्रेटरीला आणि खेळपट्टी करणाऱ्याला बोलावलं.

त्यांनी आधी नियमच सांगितला. क्लबने जाणूनबुजून केलं असेल तर मैदान दोन हंगाम बाद. काम करणाऱ्याची चूक असेल तर क्लबला ताकीद आणि त्या माणसाला मैदानाबाहेर ठेवायचं. मग विचारलं, हे कोणी टाकलं?

माझ्याशी जन्मभर गावच्या बोलीत हाय-न्हाय करत बोललेला माझा दोस्त एकदम शाळेतल्या फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा बोलला. "साहेब, हा सायझिंगमध्ये कामाला आहे. त्याने स्वतःच्या मनानेच केलं. आम्हाला काहीच कल्पना नव्हती."

बोलताना त्याने माझ्याकडे हात केला होता. त्या हातावरच्या घड्याळाच्या पट्ट्यात पांढरी खळ वाळून बसली होती. मला दिसली. साहेबांना दिसली की नाही, देव जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बरोबर आहे का हे?

त्या पट्ट्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं. पण मग मैदान दोन हंगाम बाद, आणि दोन हंगाम पाणी नाही, रोलर नाही, तर त्या पट्टीची माती मरून जाते. मी "हो साहेब" म्हणालो. आणि मी हेच म्हणणार, हे त्याला आधीच ठाऊक होतं. खोटं बोलला त्याचं एवढं नाही लागलं. माझा जीव कशात अडकलाय ते नेमकं ओळखून तो बोलला, तेच लागलं. केसाने गळा कापतात म्हणतात ना, तो असा कापतात.

सामना रद्द झाला, नंतर दुसऱ्या मैदानावर पुन्हा खेळवला. ताकिदीचं पत्र आलं ते त्यानेच कमिटीत मोठ्याने वाचलं आणि रोलरच्या खोलीची चावी माझ्याकडून मागून घेतली. कमिटीतला एकही जण वर बघेना. बायकोने घरी ऐकलं आणि एवढंच म्हणाली, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला. त्यानंतर रविवारी आमच्याकडे सुकट झाली नाही.

सव्वा महिन्याने तो सायझिंगच्या दारात उभा. आत मशीनचा आवाज, म्हणून मी बाहेर आलो. त्याने नवा माणूस लावला होता, त्या माणसाने पाणी मारलं तर खळ भिजून पट्टीवर बुरशी आली होती. पुढच्या महिन्यात तेच सामनाधिकारी साहेब मैदान तपासायला येणार होते. मी सांगितलं, वरची चार बोटं माती खरवडून टाका, नवी काळी माती भरा, थर-थर बसवा. तो म्हणाला, ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार? मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "पहाटे ये. कुणी यायच्या आत करून जा."

माझं डोकं सणकलं. मेल्या, अठरा वर्षं उजेडात केलेलं काम आता चोरासारखं करू? ओठावर आलेलं ते मी गिळलं. कारण बुरशी म्हटल्यावर जीव तुटलाच होता, नाही कशाला म्हणू.

"येतो," मी म्हणालो. "पण आधी साहेबांना फोन लाव. डबे दोघांनी ओतले म्हणून सांग. मी इथंच उभा हाय."

त्याने वर बघितलं, खाली बघितलं. शाळा भरायची वेळ झाली म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. फोन तर त्याच्या हातातच होता.