मिठाचा रुपया

शनिवार, पंचवीस जानेवारी. दोन तंबू, एका रात्रीचे चोवीसशे रुपये, जेवण धरून नाही. हजर माणसं चार: माझा मोठा भाऊ, वहिनी, माझी मुलगी आणि मी. बायको शाळेत शिकवते, दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होतं, म्हणून ती रत्नागिरीतच राहिली.

जेवण धरून नाही, हे मी मुद्दाम ठरवून घेतलं होतं. तंबूवाला गृहस्थ फोनवर म्हणाला, "चिकन बार्बेक्यू आहे, सुरमई आहे, सगळे तेच घेतात." मी म्हटलं, आमच्यातल्या एकाला मीठ चालत नाही. तो म्हणाला, "कमी घालू." मी म्हटलं, कमी नाही, अजिबात नाही. तेव्हा तो म्हणाला, "मग साहेब, तुम्ही घरूनच आणा."

दादाचं हृदय कमजोर झालं होतं. चार वर्षं तो अळणी खात होता. मीठ खाल्लं की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. म्हणून मीठ बंद, लोणचं-पापड बंद, सुकी मासळी बंद, बेकरीचं सगळं बंद. पाणी दिवसाला सव्वा लिटर, तेही खुणा केलेल्या बाटलीतून. रोज सकाळी चहाच्या आधी वजन. एका दिवसात किलोभर वाढलं तर डॉक्टरांना फोन. हे सगळं वहिनी पालीच्या त्यांच्या घरी सांभाळत होत्या आणि रोजचं वजन मला फोनवर सांगत होत्या. आकड्यांचं काम घरात माझ्याकडे असतं.

डिसेंबरात तो आठ दिवस रत्नागिरीला दवाखान्यात होता. सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बाहेर बोलावलं. म्हणाले, "आता पथ्य फार ताणू नका. त्यांना आवडेल ते थोडं थोडं द्या." सहा महिन्यांपूर्वी याच डॉक्टरांनी एका पापडावरून वहिनींना बोल लावला होता. त्यामुळे आम्हाला दोघांनाही अर्थ विचारावा लागला नाही. गाडीत बसण्याआधी वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, पथ्य सोडलं की माणूस हातचं गेलं. मी नाही सोडणार. आणि यांना यातलं काही सांगायचं नाही."

त्यानंतर दादाचं जेवण उतरत गेलं. अर्धी भाकरी, मग पाव, मग दोन घास. अळणी जेवण तो चार वर्षं तक्रार न करता जेवला होता. आताही तक्रार नव्हती, फक्त ताट तसंच राहायचं. वजन खाली येत होतं आणि हे उतरणं पाण्याचं नव्हतं.

मुक्काम करायची कल्पना त्याचीच. त्यानं एकतीस वर्षं एस.टी. चालवली. त्यातली बरीच वर्षं त्याच्याकडे मुक्कामाची गाडी असायची. संध्याकाळी शेवटच्या गावाला पोचायचं, गाडीतच झोपायचं, पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. पावसच्या पुढे, सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या कडेला एक वाडी आहे, तिथे तो तीन वर्षं मुक्कामाला होता. त्याच सड्यावर आता तंबू लागतात, हे माझ्या मुलीनं मोबाइलवर दाखवलं. दादा फोटो बघत राहिला. म्हणाला, "इथे एकदा झोपायचंय."

आम्ही दुपारी चारला पोचलो. कातळावर गवत वाळून पिवळं झालं होतं, खाली वाडीतल्या कलमांना मोहोर होता आणि त्यापलीकडे समुद्र. दादानं तंबूच्या तोंडाशी खुर्ची टाकून घेतली आणि मला विचारलं, "किती घेतले याचे?"

"चोवीसशे."

"मला मुक्कामाचा भत्ता मिळायचा रे. आणि तू मुक्काम करायचे पैसे देतोस?" तो हसला आणि हसताना त्याला दम लागला. मुलगी पाणी घेऊन धावली. त्यानं बाटलीवरची खूण बघितली आणि घोटभरच प्यायला. "राहू दे बाय, रात्रीला लागंल."

खाली वाडीतलं एक घर त्यानं बोटानं दाखवलं. त्या घरातून त्याला रात्री पेज मिळायची. घराला कुलूप होतं, पडवीतल्या खांबाला वेल चढला होता. "सगळी मुंबईला," तो म्हणाला.

जेवणाची तयारी मी केली होती आणि ती चोख होती. लाल तांदूळ, मूग, रताळी, दुधी, पपई, सकाळसाठी नाचणीचं सत्त्व. ओल्या खोबऱ्याची चटणी लिंबू पिळून, म्हणजे मिठाची आठवण कमी होते. पेजेतलं पाणी मी सव्वा लिटरमध्ये धरलं होतं. वजनकाटाही आणला होता. आम्ही तिघांनीही तेच अळणी जेवायचं असं ठरलं होतं, म्हणून मीठ बरोबर घेतलंच नाही. जे बरोबरच नाही ते चुकून पडणारही नाही, असा माझा हिशोब.

वहिनींनी जांभ्याच्या तीन दगडांवर चूल मांडली. अंधार पडायच्या आत जेवायचं ठरलं होतं. मुलीनं घरून आणलेली केळीची पानं पुसली. वहिनी वाढायला बसल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "मीठ द्या."

मी म्हटलं, "मीठ आणलेलं नाही, वहिनी. कुणालाच लागणार नाही ना."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे पान वाढताना पहिलं मीठ वाढतात, वर मधोमध, चिमूटभर. मग बाकीचं. दादाचं मीठ बंद झालं तरी वहिनींनी त्याच्या ताटात मीठ वाढणं बंद केलं नव्हतं. चार वर्षं, दोन्ही वेळा. तो त्याला बोट लावायचा नाही आणि जेवण झाल्यावर वहिनी ते धुऊन टाकायच्या. दादा चेष्टा करायचा, "हे मीठ नाही, देवाचा फोटो आहे. बघायचं, खायचं नाही." हे मी शेकडो वेळा बघितलं होतं. पण सामान बांधताना मी जे खायचं तेवढंच धरलं.

"खायचं कोण म्हणतंय?" वहिनी म्हणाल्या. "वाढायचंय. बिनमिठाचं पान सुतकात वाढतात, भावोजी. यांच्यापुढे मी तसलं पान मांडणार नाही."

"अगं, एक दिवस चालतं," दादा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

तंबूवाल्याचं स्वयंपाकघर खाली किनाऱ्यावर होतं, लांब. वाडी जवळ. मी पायवाटेनं उतरलो. पहिलं घर कुलपाचं, दादानं दाखवलेलं. त्याच्या पुढच्या घरात दिवा होता. साठीच्या एक बाई तुळशीपुढे दिवा लावून नुकत्याच पडवीत येऊन बसल्या होत्या. मी वाटीभर मीठ मागितलं.

"आता?" त्या म्हणाल्या. "दिवेलागण झाली. आता कुणी मीठ देतं काय? घरातली लक्ष्मी जाते."

मी म्हटलं, आजारी माणसाचं पान अडलंय. त्यांनी जरा विचार केला. "उसनं नाय देणार. इकत देते. रुपया द्या."

माझ्या खिशात पाचशेच्या नोटा होत्या. मी मोबाइल काढला.

"त्याचा हितं काय उपयोग नाय. रेंज नाय, आणि माझ्याकडे तो फोन पण नाय," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं, आणि खिशात एक रुपया नाय! ऱ्हाऊ द्या. सकाळी द्या. पण द्या हां. मिठाचा रुपया हाय." कागदाची पुडी करून त्यांनी ती पायरीवर ठेवली. मीठ हातातून हातात देत नाहीत. मी ती उचलून घेतली.

वर आलो तेव्हा तिघंही रिकाम्या पानांपुढे बसली होती. वहिनींनी चार पानांवर चार चिमटी मीठ वाढलं. मग रताळं, दुधीची भाजी, चटणी, मुगाचं कढण आणि द्रोणात पेज.

दादानं पेजेचे दोन घोट घेतले आणि द्रोण खाली ठेवला. रताळ्याचा एक तुकडा मोडला, तोही तसाच ठेवला. माझी मुलगी म्हणाली, "मोठेकाका, थोडं तरी." तो म्हणाला, "झालं गं बाय. पोट भरलं." मी गणित केलं: दुपारची पाव भाकरी आणि हे. दिवसभरात एका लहान मुलाएवढंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं तो कुलपाच्या घराकडे बघत म्हणाला, "त्या घरातली पेज गरम असायची. पावसात गाडी लावून गेलो की द्रोण तयार. बरोबर भाजलेला सुका बांगडा." मग म्हणाला, "आणि पेजेला मीठ असायचं." त्याच्या आवाजात मागणं नव्हतं. जुनी गोष्ट सांगावी तसं तो बोलला.

वहिनी खाली मान घालून जेवत होत्या. त्यांनी हात थांबवला. मला वाटलं, आता त्या विषय बदलतील. असं काही निघालं की त्या नेहमी बदलायच्या. त्यांनी डाव्या हातानं दादाचा द्रोण पुढे ओढला. त्याच्या पानावरचं मीठ, चार वर्षं ज्याला कुणी हात लावला नव्हता ते, उजव्या हाताच्या चिमटीत उचललं आणि पेजेत सोडलं. बोटानं ढवळलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "गार होईल."

दादानं आधी द्रोणाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. बराच वेळ. माझी मुलगी काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला.

"असं आहे होय," दादा हळूच म्हणाला.

दादानं पेज प्यायली. सगळी. द्रोण तिरका करून शेवटचा घोटही घेतला आणि पुढे केला. "आणखी आहे काय?" होती. वहिनींनी वाढली आणि स्वतःच्या पानावरचं मीठ त्यात घातलं. मग भांडी घेऊन त्या तंबूमागच्या नळावर गेल्या. चार जणांची भांडी ती केवढी. पण नळ बराच वेळ चालू होता. मुलगी मदतीला उठली, तिला दादानंच थांबवलं. "जाऊ नको, बाय. राहू दे तिला."

सकाळी वजनकाटा ठेवायला सपाट कातळ सापडेना. शेवटी दादा स्वतःच एक जागा शोधून उभा राहिला. आदल्या दिवसाएवढंच वजन. "बघ," तो मला म्हणाला, "मिठाला वजन नसतं." सव्वा लिटरचा हिशोब मी त्या दिवशी लावला नाही.

निघताना मी तंबूवाल्याकडून पाचशेची नोट मोडून घेतली आणि रुपया घेऊन खाली गेलो. बाईंचं घर बंद होतं. शेजारी सांगायला कुणी नव्हतं. पायरीवर नाणं ठेवून यावं असं वाटलं, पण असं ठेवलेलं दिलं म्हणता येत नाही. गाडीत दादानं विचारलं, "रुपया दिलास?" मी म्हटलं, परत येऊ तेव्हा देईन. तो म्हणाला, "देशील, देशील," आणि काचेतून बाहेर बघत राहिला.

पालीला गेल्यावर वहिनींनी त्याच्या जेवणात थोडं मीठ घालायला सुरुवात केली. तो अर्धी भाकरी जेवू लागला. पाय सुजले, मग उतरले, परत सुजले. वजन मला फोनवर येत राहिलं. एप्रिलमध्ये, कलमांवरचा आंबा उतरत असताना, एका सकाळी वजनाचा फोन आला नाही. मीच केला.

ती चिमूट घातली नसती तर तो आणखी किती दिवस राहिला असता, हे मी एकदा मांडून बघायला बसलो होतो. अर्ध्यात सोडून दिलं. वहिनींना मी ते कधी विचारलं नाही आणि त्याही कधी त्यावर बोलल्या नाहीत. बारा दिवस घरात सगळ्यांची पानं बिनमिठाची होती. तेराव्या दिवशी पानं मांडली, तेव्हा वहिनी वाढत नव्हत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझी मुलगी मीठ वाढत गेली. तिच्याकडे बघताना वहिनींना आठवलं असावं. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "भावोजी, त्या बाईंचा रुपया राहिलाय. यांच्या नावावर मिठाचं देणं नको."

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. बाई पडवीत आंबे निवडत होत्या. मी ओळख दिली. "मीठवाले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग माझ्या डोक्याकडे लक्ष गेलं. केस अजून वाढले नव्हते. हसू थांबलं.

"आजारी होते ते?"

"हो. भाऊ."

त्यांनी हातातला आंबा खाली ठेवला. "त्या रातीला जेवले ना ते?"

"जेवले. परत मागून घेतलं."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि हात पुसून पुढे केला. मी रुपया त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो नको म्हटलं नाही, याचं मला बरं वाटलं.

तंबूवाल्याला चोवीसशे, त्याच दिवशी. मिठाचा एक रुपया, वाडीतल्या बाईंना, तीन महिन्यांनी.