न कळणाऱ्या पायांसाठी बूट

वेंडलमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. जन्मभर लाइनमन म्हणून राबला. वादळ झालं की गावाचे दिवे जायचे आणि मामा खांद्यावर दोर टाकून डोंगरात शिरायचा, तुटलेली तार सापडेपर्यंत चालत राहायचा. पायाला भिंगरी म्हणतात तसा माणूस. जेवतानाही टेबलाखाली एक पाय हलत असायचा. ओपलमामी म्हणायची, "लग्नात पाद्रीबाबांसमोरही हा एका जागी उभा नव्हता. मी मनगट घट्ट धरून ठेवलं, म्हणून आमचं लग्न लागलं."

हा माणूस वर्षातून एकदाच स्थिर बसायचा. वसंतात, रानटर्की पक्ष्यांच्या शिकारीच्या मोसमात. उजाडायच्या आत डोंगराच्या धारेवर जायचं, ओकच्या बुंध्याला पाठ लावायची आणि हातातल्या दगडी पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढायचा. मग नुसतं बसायचं. नाकावर गोचीड चढली तरी हलायचं नाही. दरीपलीकडून नर टर्की गळगळ आवाजात साद घालत गळगळला की मामाच्या डोळ्यांत जे यायचं, ते मी एरवी कधी पाहिलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्याला साखरेनं गाठलं. गोळ्या सुरू झाल्या, मामीनं केक नि पुडिंग बंद केलं, मामा गाडीत लपवून बिस्किटं खायला लागला. सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. मग एका जानेवारीत तो लाकडं फोडून घरात आला, लोखंडी शेगडीच्या कडेला पाय टेकवून खुर्चीत पडला आणि त्याचा डोळा लागला. मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "काय जळतंय?" जळत होता मामाचा मोजा. मोज्याखाली तळपायही. मामा घोरत होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पायाला टाचणीसारखं काहीतरी टोचत विचारलं, "हे कळतं? हे?" मामा छताकडे बघत "हो, हो" म्हणत राहिला. टोचायचं थांबवल्यावरही तो "हो" म्हणाला, तेव्हा मामीनं तोंड फिरवून घेतलं.

"काटा रुतला, फोड आला, तरी तुम्हाला कळणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तुमची जखम लवकर भरायची नाही." पुढचं सांगायची गरज नव्हती. मामाच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली असाच गेला होता.

भाजलेला तळपाय भरेपर्यंत हिवाळा संपला. मग एप्रिल आला. टेकडीवर डॉगवुडचा पांढरा फुलोरा फुटला आणि पहाटे घरामागच्या धारेवर नर गळगळायला लागले. मामाला घर खायला उठलं. तो दारापर्यंत जायचा, जाळीतून बाहेर बघायचा, परत यायचा, टीव्ही लावायचा, बंद करायचा. पाटी काढून पुसायचा. मामी भांडी घासत असली की मागून हळूच मादीचा आवाज काढायचा.

"म्हाताऱ्या, मी टर्की नाहीये," मामी न वळता म्हणायची.

"ओपल, नुसतं जाऊन ऐकून येतो."

"दारातून ऐकू येतंय की."

शेवटी मामीच थकली. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जाऊ दे, पण बूट नीट हवेत, अगदी नीट. घरी आल्यावर रोज तळपाय बघायचे. डोंगरात मध्येच एकदा थांबून बूट काढून बघायचे. बरोबर कुणीतरी हवं. हे कुणीतरी म्हणजे मी ठरलो. मी शाळेत सुतारकाम शिकवतो, शनिवार-रविवार मोकळा असतो आणि मामीला नाही म्हणायची माझी टाप नाही.

बूट घ्यायला मी मामाला गावात घेऊन गेलो. चारा, खिळे, बंदुका आणि बूट एकाच छपराखाली विकणारं दुकान. चालवणारी बर्निस मामाच्या वर्गातली.

"जुने आहेत ना, तसेच दे," मामा म्हणाला.

"तुझे जुने तुझ्याइतकेच जुने आहेत. बस खाली."

बर्निसनं जोड्यांवर जोड्या काढल्या. रबरी, गुडघ्यापर्यंतचे. चामड्याचे, पाणी आत न येणारे, उंच गळ्याचे. मामा एकेक पाय घालायचा, उठायचा, दोन येरझाऱ्या मारायचा आणि म्हणायचा, "ढिले."

"अरे, टाच उचलत नाहीये तुझी. ढिले कसे?"

"ढिले म्हणजे ढिले. पायात काही आहे असंच वाटत नाही."

शेवटी एका जोडीत पाय कोंबताना त्याचा चेहरा लाल झाला. नाडी आवळून तो उभा राहिला आणि प्रथमच हसला. "हे. हे बसले. आत्ता बूट घातल्यासारखं वाटतंय."

बर्निसनं माझ्याकडे बघितलं. "एक नंबर मोठे घे, वेंडल."

"पाय माझे आहेत का तुझे?"

मलाही ते बूट लहान वाटले होते. पण त्याचा इतका हसरा चेहरा हिवाळ्यापासून पाहिला नव्हता. मी खोकं उचलून गल्ल्याकडे नेलं.

बूट पायात मुरवायला मामा घरात, अंगणात, कोठारापर्यंत, ओढ्यापर्यंत फिरायला लागला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामीनं त्याचा मोजा उलटा केला, तर करंगळीपाशी तपकिरी डाग. करंगळीच्या बाजूचं कातडं सोलवटून निघालं होतं. मामा खुर्चीत बसून मोसमाच्या पहिल्या दिवसाचं हवामान सांगत होता.

मामी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते बूट उचलले, मागच्या दारातून अंगणात भिरकावले आणि पायरीवर जाऊन बसली. मी तिथे पोचलो तेव्हा ती तशीच बसली होती.

"त्याला घट्ट लागतात," ती म्हणाली. "कारण घट्ट असले तरच त्याला पाय आहेत असं वाटतं. नीट बसणारा बूट त्याला रिकामाच वाटणार. मग निवडायचे कसे रे?"

आत मामा येरझाऱ्या घालत होता. पायाला पट्टी, तरी येरझाऱ्या.

मोसमाचे पहिले दिवस तसेच गेले. पहाटे नर गळगळायचे आणि मामा अंथरुणात उठून बसायचा. लांब कुठे बंदूक वाजली की म्हणायचा, "घाई केली. नवशिका असणार." मग पुन्हा वाजली की, "आता मारला." मामीनं एका पहाटे त्याला खिडकीत उभं पाहिलं. ओठ हलत होते, गळ्यातून आवाज नाही. तो मादीची हाक मनातल्या मनात देत होता.

त्याच दुपारी तिनं खोक्याचा एक जाड पुठ्ठा जमिनीवर ठेवला.

"उभा राहा ह्याच्यावर. अनवाणी नाही. जाड लोकरी मोजे घालून, जे डोंगरात घालणार तेच."

"आत्ता? जेवण झालंय माझं."

"म्हणूनच. दुपारनंतर पाय फुगतात. पूर्ण वजन टाक. एका पायावर नाही, दोन्हींवर. आणि हलू नकोस, एकदा तरी हलू नकोस!"

तिनं दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली, कात्रीनं पुठ्ठे कापले. उजवा पाय डाव्यापेक्षा लांब निघाला, हे त्या दोघांनाही इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. करंगळीची पट्टी सुटल्यावर आम्ही तिघं बर्निसकडे गेलो. ह्या वेळी मामानं काहीच बोलायचं नाही असं ठरलं होतं. मामी प्रत्येक बुटातला आतला तळ काढून त्यावर पुठ्ठा ठेवायची. कडेनं पुठ्ठा बाहेर आला की बूट बाद. मग हात कोपरापर्यंत आत घालून बोटांनी चाचपायची.

"इथे शिवण उंच आहे. बाद."

"ओपल, गायीचं बाळंतपण करतेयस का?" बर्निस म्हणाली.

"तसंच समज."

मामा बाकावर बसून डावा पाय हलवत होता. शेवटी एक जोडी उरली. मऊ चामड्याची, पोटरीच्या अर्ध्यावर येणारी, तपकिरी-हिरवी. आत शिवण नाही, तळ जाड पण हलका. मामीनं मामाला ती घालायला लावली, टाचेमागे बोट घालून बघितलं, पुढे अंगठ्याच्या वर दाबून बघितलं. दुकानात चारा उतरवायचा उतरता फळीमार्ग होता, त्यावरून त्याला खाली चालवलं. बोटं पुढे घसरत नव्हती.

"कसं वाटतंय?" तिनं सवयीनं विचारलं आणि तिची तीच थांबली.

मामा तिच्याकडे बघत म्हणाला, "ढिले वाटतायत." मग जरा थांबून, "तू म्हणतेस तर बसले असतील."

एका दवाच्या सकाळी मी आणि मामा धारेवर गेलो. गवत ओलं, ओढ्याला घोट्याएवढं पाणी, आणि मामा माझ्यापुढे मांजराच्या पावलांनी चाललेला. इतक्या महिन्यांनंतरही त्याच्या पायाखाली एक फांदी मोडली नाही. ओकखाली बसलो. मामानं पाटी घासली. पलीकडून लगेच उत्तर आलं, दरीभर घुमणारं. मामाच्या गळ्याची शीर उडताना मला दिसली.

तो नर हट्टी होता. उत्तर द्यायचा, पण यायचा नाही. ऊन वर आलं. मी मामाच्या कानात कुजबुजलो, "मामा, बूट."

"आत्ता नाही."

"मामीला शब्द दिलाय मी."

"तुझी मामी इथे नाहीये. नर आहे."

"आत्ता काढ, नाहीतर मी उभा राहून शीळ घालतो."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी आजोळात पुन्हा पाय ठेवू नये. पण बंदूक बाजूला ठेवली. डावा बूट काढला, मोजा काढला, ठीक होतं. मग उजवा ओढला, तो उलटा झाला आणि आतून टपकन काहीतरी पानांवर पडलं. हिकरीच्या झाडाचं अक्रोडासारखं अख्खं फळ, कवचासकट. बूट रात्रभर पडवीत होते. कुठल्यातरी उंदरानं त्यांत आपलं कोठार मांडलं होतं. मामा ओढा ओलांडून, सगळी धार चढून त्या फळावर चालत आला होता. तळपायाच्या मध्यभागी सुपारीएवढा लाल खळगा पडला होता. कातडं अजून फुटलं नव्हतं.

मामा त्या खळग्याकडे बघत राहिला. "काहीच कळलं नाही रे," तो म्हणाला. "बाबांनाही असंच..."

तेवढ्यात मी त्याचं मनगट दाबलं. समोरच्या झुडपामागून नर आला होता. पिसारा पसरलेला, छाती उन्हात तांब्यासारखी, डोकं निळं-पांढरं. बंदूक मामाच्या हातापासून दोन हात दूर. माझ्याकडे बंदूक नव्हतीच. मामाचा उघडा गोरा पाय पुढे पसरलेला, आणि नराची नजर त्याच पायावर. तो एक पाऊल पुढे आला. मान लांब केली. पिसारा अजून फुलवला, पंखांची टोकं पाचोळ्यावर खरवडत त्या पायासमोर गोल फिरला. मामा श्वासही घेत नव्हता. मग जुन्या सवयीनं की काय, मामाच्या पायाचं बोट हललं. नरानं 'पट्' असा आवाज केला आणि तो झाडीत नाहीसा झाला.

मी वाट बघत होतो की मामा आता मला शिव्या घालणार. तो पोट धरून हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि मग नुसतं पाणीच उरलं. मी दुसरीकडे बघत बसलो. थोड्या वेळानं त्यानं दोन्ही बूट झटकले, आत हात घालून कोपरान् कोपरा चाचपला आणि घालून उभा राहिला.

"चल. आता घरीच. तिलाही तसंच सांग. खालच्या वाटेनं जाऊ, कदाचित तो नर तिकडे उतरला असेल."

मामीनं खळगा बघितला, भिंगातून पुन्हा बघितला आणि त्या दिवसापासून बूट त्यांच्या झोपायच्या खोलीत आले. मोसमाच्या शेवटच्या सकाळी मला शाळेत जावं लागलं. "मग नाही जायचं," मामी म्हणाली. लगेच दार ते खिडकी, खिडकी ते दार मामाच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी तिनं त्यांच्याकडे राहिलेला माझा रानातला कोट अंगात चढवला आणि म्हणाली, "चल. पण मी गप्प बसेन अशी आशा धरू नकोस."

ती गप्प बसली, असं मामा सांगतो. ती सांगते, त्यानं पाटी घासली, सूर्य वर आला, आणि तो असा बसला होता की तिला वाटलं ह्याला काही झालं की काय. तिनं हळूच त्याच्या पाठीला हात लावून बघितला. श्वास चालू होता. मग नर आला, जवळ आला, आणि मामानं मारला. मोठा, छातीवर दाढीसारखा लांब झुपका असलेला. उतरताना ओढ्याकाठच्या दगडावर मामीनं त्याला बसवलं आणि दोन्ही पाय मांडीवर घेऊन बघितले. ठीक होते.

रविवारी आम्ही सगळे टर्कीच्या छातीचे तळलेले तुकडे खायला जमलो. मामानं दोन घास खाल्ले, उठला, जाळीच्या दारापाशी गेला, परत आला.

"ओपल," तो म्हणाला, "नदीचं पाणी ओसरतंय. मासे वर यायला लागतील. पाण्यात उभं राहायला पायाला काय लागेल?"

मामीनं काटा खाली ठेवला. "आता हे कुठून काढलंस?"

"नुसतं विचारतोय."

मग उठून तिनं पुठ्ठ्यासाठी माळ्यावरचं खोकं उतरवलं.