पडद्यामागचं ऊन

मंद्रूपहून सकाळच्या एसटीने सोलापूरला निघालो ते बायकोचा आवाज ऐकायला. ती जाऊन आठ महिने झाले. तिचा एक बोललेला निरोप माझ्या फोनमध्ये होता, तो फोन जनावरांच्या हौदात पडला. तोच निरोप नातीने, रूपाने आधी उतरवून घेतला होता, तो तिच्याकडे राहिला. ती तिथे इंजिनिअरिंगला आहे. फोनवर ऐकव म्हटलं तर म्हणाली, "आजोबा, कॉलेजात या. पाहुण्यांसमोर आजीचा आवाज उन्हातून ऐकवते. चाललं तर माझा प्रोजेक्ट पास." मी चौथी शिकलेला. मनात म्हटलं, ऊन बोलायला लागलं तर सोलापुरात शांतता म्हणून राहणार नाही.

स्टँडबाहेर झाडाखाली कडक भाकरी (वाळवून पापडासारखी केलेली) शेंगाचटणीशी मोडून खाल्ली आणि चालत कॉलेज गाठलं. गेटवरच्या माणसाने वही पुढे केली.

"कुणाला भेटायचंय?"

"बायकोला."

"कुटल्या वर्गाला हायती?"

हॉलवर फलक होता: 'सूर्यप्रकाशातून बिनतारी संदेश, विजेची बचत'. आत जाड पडदे ओढलेले, सगळ्या ट्यूबा चालू, आणि एसी असा की मी टोपी कानांवर ओढली. मशीनने भिंतीवर पाडलेली चित्रं दिसावीत म्हणून अंधार, अंधारात कागद वाचता यावेत म्हणून दिवे. पाहुणे तासभर बोलले की ऊन फुकट आहे आणि आपण ते वाया घालवतो. पटलं.

मग रूपा उठली. पडद्यामागे खिडकीला तिने बनवलेली काच होती. ती डोळ्यांना कळणार नाही इतक्या झपाट्याने अंधूक-उजळ होते, आवाज त्या उजेडातून टेबलावरच्या सोलर पट्टीपर्यंत येतो आणि तिला जोडलेला स्पीकरचा डबा बोलतो. डबा बोलला नाही.

"नेटवर्क नसेल," तिचे सर म्हणाले.

"सर, पडदा..."

"पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येईल."

पोरगी रडकुंडीला आली. मी उठून पडदा सरकवला. कुणी अडवलं नाही, शिपाई समजले असावेत.

डबा खरखरला. "अवो, ऐकताय का? येताना मिरच्या आणा. आन् उन्हात..."

आवाज तुटला. पाहुणे फोटोसाठी खिडकीपुढे उभे राहिले होते.

"सायेब, सरका," मी म्हणालो. "बायको बोलतीया."

सरकले बिचारे. रूपाने पुन्हा लावलं.

"...आन् उन्हात हिंडू नगा. पित्त हुतंय तुमाला."

पाहुण्यांनी तिच्या कागदावर सही केली. मी नाक पुसलं, एसीमुळे.

परतीच्या गाडीत सगळे सावलीच्या बाजूला दाटून बसलेले. जन्मभर या उन्हाला शिव्या दिल्या, त्या दिवशी मुद्दाम त्याच्याच खिडकीला बसलो. शेजारच्या रांगेतली बाई म्हणाली, "आजोबा, हिकडं या की. ऊन बाधंल."

"व्हय. आमची घरची बी तेच म्हणती," म्हणालो, आणि मंद्रूप येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.