आल्विनच्या गाडीत अनवाणी बसायचं नाही

आमच्या अ‍ॅडलेडला कुणी पोरंबाळं घेऊन पाहुणं आलं, की त्यांना कुठं न्यायचं ते ठरलेलं आहे. प्राणीसंग्रहालयात पांडाची पाठ बघायची, कारण तोंड तो दाखवत नाही. ट्राममधून समुद्रावर जायचं. आणि महिन्याचा पहिला रविवार असला तर आमच्या बागेतल्या छोट्या गाडीत बसवायचं.

छोटी म्हणजे किती, तर रूळ वीतभर रुंद. डबा म्हणजे लांबट पाट, त्यावर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडं पाय सोडून बसायचं. पुढं खरंखुरं कोळशाचं इंजिन, उंचीला शेळीएवढं, आणि त्याच्यामागं गुडघे कानाशी घेऊन बसलेला ड्रायव्हर. तोंड असं की जणू राणीच घेऊन निघालाय. गाडी तळ्याला वळसा घालते, बोगद्यातून जाते आणि निघाली तिथंच परत येते. एवढ्यासाठी मंडळ आहे, अध्यक्ष आहे, भांडणं आहेत. मंडळातले सगळे निवृत्त बाप्ये. घरी बायकोनं कचऱ्याचा डबा बाहेर ठेव म्हटलं की यांची कंबर धरते, आणि इथं रविवारी कोळशाची पोती उचलतात. माझा नवरा नॉर्म इथला झेंडेवाला होता. आता तो वर झेंडा दाखवत असेल, आणि मी खाली चहा आणि स्कोन नावाच्या गोडसर पावांची टपरी सांभाळते.

आल्विन नॉस्की या मंडळाचा कर्ताधर्ता आणि माझा शेजारी. ताडासारखा उंच, कान मोठे, त्यांचा ऐकायला उपयोग शून्य. आयुष्यभर लोकांच्या घरचे गॅसचे मीटर वाचले. माणसाशी दारातून दोन शब्द बोलून पुढं सरकायची सवय लागली, ती घरातही सुटली नाही. बायको एनिड मोठी गोड बाई. ती गेली तेव्हा मला वाटलं, बिचारीला पहिल्यांदाच कुणाला न विचारता कुठं जायला मिळालं. त्यानंतर आल्विन मागच्या शेडमध्येच राहायला गेला म्हणायला हरकत नाही. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं एक हिरवं इंजिन बनवलं. एकेक खिळा घरी घडवलेला. त्या इंजिनाला दुसऱ्या कुणी हात लावलेला आल्विनला खपत नसे. मंडळातल्या ट्रेव्हर हॅलमनं एकदा त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता, तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त सभेत आणि फक्त विरोधात बोलत.

गाडीचा एक नियम आहे. पायाची बोटं झाकणारे बूट असल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. नियम आल्विनचाच. फार पूर्वी एका पोराचा अंगठा रुळाला घासून नख गेलं. पोरगं थोडा वेळ रडलं आणि सॉसेज खायला लागलं, पण आल्विनला त्या रात्री झोप आली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली. आता आमच्या गावात निम्मी माणसं बँकेतसुद्धा रबरी स्लिपा घालून जातात. मग काय, दर फेरीच्या दिवशी फाटकाशी रडक्या पोरांची रांग. मी म्हणायची, अरे, जुन्या बुटांची एक टोपली ठेव इथं. तो म्हणायचा, हे काय बुटांचं दुकान आहे?

हा नियम त्याला पोटच्या पोरीच्या बाबतीतही महाग पडला. रॉझलिन त्याची एकुलती एक. तिच्या दहाव्या वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्या मुली नवे कोरे सँडल घालून गाडीत बसायला आल्या. आल्विननं त्या सगळ्यांना, आणि वाढदिवसाच्या मुलीलाही, फाटकाबाहेर उभं केलं. एनिडनं कुंपणावरून केक वाटला. पुढं रॉझलिन मोठी झाली, नर्स झाली आणि डार्विनला गेली, देशाच्या पार उत्तरेच्या उष्ण टोकाला. पाय न भिजवता बापापासून जितकं लांब जाता येतं तितकं ती गेली. आईच्या अंत्यविधीला आली तीही हॉटेलात उतरली.

तर गेल्या जूनच्या अखेरीस तिचा फोन आला. आल्विननं कुंपणाशी येऊन मला सांगितलं, हवामानाचा अंदाज सांगावा तसं. रॉझलिन आता एकटी होती, नवरा दुसरीकडं रमला होता. सात वर्षांची मुलगी, मार्ली. दवाखान्यातल्या पाळ्या सांभाळायच्या तर शाळेच्या सुट्ट्यांत पोरीला कुठं तरी ठेवायला हवं. केर्न्सला दुसरी आजी होती, तिच्या अंगणात पोहायचा तलाव होता. तरी रॉझलिन म्हणाली होती, शुक्रवार ते रविवार आम्ही तुझ्याकडं येतो. मार्लीला तू आवडलास तर सुट्टीत तुझ्याकडं, नाही तर केर्न्सला.

"तलाव आहे म्हणे तिच्याकडं," आल्विन म्हणाला. "माझ्याकडं काय आहे?"

मी म्हटलं, पाने आणि पकडी. तो हसला नाही. घाबरलेला माणूस मी पुष्कळ पाहिलाय, पण कुंपणाला इतकं घट्ट धरलेला पहिलाच. मग मला विचारलं, या गावात लहान मुलांना घेऊन काय करतात? जन्म इथंच गेला याचा. मी म्हटलं, तिलाच विचार. म्हणाला, वेळापत्रक करून ठेवलंय, तिला विचारलं तर ते बिघडेल.

पोरगी आली. उन्हानं रापलेली, केस घासणीसारखे, आणि टाच अशी की काडी ओढली तर पेटावी. डार्विनकडची मुलं अनवाणीच वाढतात. आमच्याकडं जुलै म्हणजे थंडीचा कडाका, म्हणून आईनं विमानतळावर लाल बूट विकत घेऊन दिले होते. ते ती पायात कमी आणि हातात जास्त घालत होती. आजोबाला ती सरळ आल्विन म्हणाली, कारण तिची आईही तसंच म्हणे.

आल्विननं तिला विमानतळावरून आधी खाटकाकडं नेलं. आमच्याकडं खाटकाच्या दुकानात पोर शिरलं की खाटीक फ्रिट्झची एक चकती कापून हातावर ठेवतो. फ्रिट्झ म्हणजे गुलाबी सॉसेज. त्यात काय घालतात हे आम्ही विचारत नाही, आणि तेही सांगत नाहीत. गावातलं प्रत्येक पोर त्यावर वाढलंय. मार्लीनं चकती तोंडात घातली, विचार केला आणि खाटकाच्या हातावर परत ठेवली. आल्विन सांगत होता, आता त्या दुकानात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

पुढचं सगळं वेळापत्रकानुसार बिघडत गेलं. टेकडीवर कोआला दाखवला. मार्लीनं विचारलं, हा मेलाय का? आल्विन म्हणाला, झोपलाय. मग आपण कशाला आलो, असं तिनं विचारलं, आणि खरं सांगायचं तर याचं उत्तर आजवर कुणालाच आलेलं नाही. पांडाकडं तिनं पाहिलंच नाही. एका गृहस्थाच्या हातातला खिम्याचा पॅटिस सीगलनं पळवला, ते बघत ती उभी राहिली आणि तो पक्षी पुन्हा येईल म्हणून हलेना. बाजाराच्या रस्त्यात धातूची डुकरं आहेत, पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढून घेतात. मार्ली बसली ती उतरेचना. मागं मुलांची रांग, पुढं मनगटावर बोट आपटत उभा आल्विन, कारण संग्रहालयातल्या व्हेल माशाच्या सांगाड्याची वेळ टळत होती. त्या सांगाड्याला कुठं गाडी पकडायची होती कुणास ठाऊक. रॉझलिन लांब बाकावर बसून कॉफी पीत होती. तिनं बापाला मदत केली नाही. बघायलाच आली होती ती.

शनिवारी दुपारी ट्रामनं समुद्रावर. धक्क्याच्या टोकाला कठड्यावर बसल्या बसल्या मार्लीच्या पायातला एक बूट पाण्यात पडला. आल्विन वाकून बघतोय तोवर तिनं दुसराही सोडला. कुठला चांगला तरंगतो ते बघायचं होतं म्हणे. डावा चांगला तरंगला.

रॉझलिनला हसू आवरेना. आल्विनचा चेहरा पांढराफटक. कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता, गाडीचा दिवस. तलाववाल्या आजीला टक्कर द्यायला त्याच्याकडं एवढी एकच गोष्ट होती. हिरव्या इंजिनाची सकाळची पहिली फेरी, ड्रायव्हर आल्विन, पाठीमागं मार्ली. तो म्हणाला, दुकानं बंद व्हायच्या आत बूट घेऊ. रॉझलिन म्हणाली, पोर दमलंय, आता घरी चल. बॅगेत तिच्या स्लिपा आहेत.

गंमत बघा. आल्विनला वाटलं, हिला नियम ठाऊक आहे, सकाळी कुठून तरी बूट आणेल. रॉझलिनला वाटलं, नातीसाठी तरी म्हातारा नियम बाजूला ठेवेल. दोघंही एका टेबलाशी बसून रात्री सूप प्यायले आणि कुणी तोंड उघडलं नाही. या घराण्यात सूप पिताना तोंड उघडतात, तेवढंच.

रविवारी सकाळी गवत दवानं पांढरं झालं होतं. मार्ली तोंडातून वाफ काढत आली. डार्विनला असली वाफ कुठून निघायची? ती खुशीत होती. पायात हिरव्या रबरी स्लिपा, बोटं थंडीनं जांभळी. आल्विन फाटकाशी उभा, टोपी घालून, बूट चकचकीत. त्यानं खाली बघितलं. मग पाटीकडं बघितलं, जणू कुणी तरी रात्रीतून ती बदलली असेल.

रॉझलिन हळूच म्हणाली, "आल्विन, नको हं."

"अंगठा गेला तर?" तो म्हणाला. "नख गेलं तर?"

"सगळ्यांसमोर नको. एवढंच सांगते."

मागं रांग लागली होती. त्या रांगेतल्या दोन मुलांना त्यानं आत्ताच स्लिपांवरून परत पाठवलं होतं, आणि त्यांची आई हाताची घडी घालून आता काय होतं ते बघत थांबली होती. मी माझ्या मोटारीत पडलेले नातवाचे जुने बूट घेऊन आले. मार्लीनं पाय मागं घेतले. त्यांना वास येतो म्हणाली. येत होता. रांगेतल्या एका बाईनं आपल्या मुलीचे देऊ केले. ते गुलाबी आहेत, म्हणून नको. ट्रेव्हर हॅलम इंजिनाला टेकून उभा राहिला होता आणि इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

रॉझलिननं पोरीचा हात धरला. "चल मार्ली. आपल्याला विमानतळावर लवकर गेलं तरी चालेल."

मार्ली हलली नाही. तिनं बोट आल्विनच्या पायाकडं केलं. "मी ते घालीन."

कुणी तरी हसलं. आल्विनचा पाय म्हणजे होडी. मी म्हटलं, बाळ, त्यात तुझं घर मावेल. ती म्हणाली, बोटं झाकतात ना? मग?

आल्विननं पाटी पुन्हा वाचली. नियमात बूट कुणाचे, केवढे, असं काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं त्यानंच होतं, त्यामुळं त्याला माहीत होतं. तो फलाटावरच्या बाकावर बसला आणि नाड्या सोडायला लागला. दोन्ही बूट काढले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तिच्या पायात घातले आणि घोट्याभोवती नाड्या गुंडाळून गाठ मारली. वाकताना त्याचे गुडघे कटकट वाजले.

मग तो मोज्यांवर उभा राहिला आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बिनबुटाच्या माणसाला गाडीत बसता येत नाही. ड्रायव्हर झाला म्हणून काय झालं.

मी म्हटलं, "आल्विन, बस जा गुपचूप. कोण बघतंय?"

"मी बघतोय," तो म्हणाला.

त्यानं टोपी काढली आणि ट्रेव्हरकडं गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण ट्रेव्हरचं हसू गेलं. त्यानं आधी हात पुसले, मग टोपी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा दुसरा माणूस त्या हिरव्या इंजिनामागं बसला. शिट्टी झाली. मार्ली मागं बसलेली, दोन्हीकडं ते दोन काळे मोठ्ठे बूट लोंबकळत, आणि तोंडातून इंजिनाच्या वरताण वाफ काढत. गाडी तळ्याकडं वळली. आल्विन दव पडलेल्या फलाटावर मोज्यांत उभा, मान लांब करून. नात बघत होता की ट्रेव्हरचा हात, देव जाणे. दोन्ही असावं.

रॉझलिन त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिनं विचारलं, ही फेरी तुलाच चालवायची होती ना?

"वळणावर वाफ जास्त देतोय गाढव," आल्विन म्हणाला.

ती हसायला लागली. हसता हसता नाक पुसायला लागली, मग माझ्याकडून टपरीतला रुमाल मागून घेतला. गाडी बोगद्यात गेली, आतून मार्लीची किंकाळी आली, आनंदाची. परत आली तेव्हा पोरगी उतरायला तयार नव्हती. तिला पुन्हा जायचं होतं, आणि या वेळी आल्विननं मागं बसावं असं तिचं म्हणणं होतं. आल्विननं तिला समजावलं की बूट एकच जोड आहे, तेव्हा दोघांपैकी एकालाच बसता येईल. तिनं विचार केला आणि म्हणाली, मग तू थांब. तिनं त्या दिवशी पुष्कळ फेऱ्या मारल्या आणि हा मोज्यांवर फलाट सांभाळत राहिला. स्लिपावाल्या दोन पोरांची आई माझ्याकडं आली, तेव्हा मी तिला माझे आणि नातवाचे बूट दिले. वासासकट.

दुपारी निघताना रॉझलिन मोटारीच्या दाराशी थांबून म्हणाली, "सप्टेंबरच्या सुट्टीत दोन आठवडे ठेवते तिला तुझ्याकडं."

आल्विन समोर उभा. मोजे ओले, पाय बर्फ, टोपी अजून ट्रेव्हरच्या डोक्यावर.

"दोन आठवडे?" तो म्हणाला. "दोन आठवडे काय करायचं तिच्याबरोबर? सगळं गाव तर दाखवून झालं."

रॉझलिन म्हणाली, काही करू नकोस. हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. तो अजून शिकतोय. सप्टेंबरात दोघं दिवसभर शेडमध्ये असायची, ती बाकावर चढून त्याला चुकीचा पाना द्यायची, आणि कुंपणापलीकडून मला ऐकू यायचं, हा नव्हे गं, तो. पाय अर्थातच उघडे. शेडला फाटक नाही, त्यामुळं पाटीही नाही.