पाहुणीचे तीस दिवस

लष्करी वसाहतीतल्या घराच्या चावीबरोबर बावीस पानांची एक नियमपुस्तिका मिळते. भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी परवानगी घ्यावी, रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घालू नयेत, जिना पाळीपाळीने धुवावा, पाहुण्याची नोंद चोवीस तासांत करावी. बहुतेक कुटुंबे ती एकदा चाळतात आणि कपाटाच्या तळाशी टाकतात. एका बाईला मात्र ती जवळजवळ पाठ होती. इमारतीत तिच्या पाठीमागे तिला ‘नियमबाई’ म्हणत आणि तोंडावर ‘वहिनी’.

नवरा लष्करी गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री. एकोणीस वर्षांत नऊ बदल्या, नऊ घरे. या नवव्या घरात आल्यावर आठ बिऱ्हाडांच्या इमारतीची जबाबदारी तिच्या गळ्यात पडली: जिन्याच्या पाळ्या, तुंबलेल्या मोऱ्यांच्या तक्रारी आणि पाहुण्यांची वही. कुटुंबाच्या यादीत नाव नसलेल्या माणसाला एका घरात तीस दिवस राहता येते. पुढे मुदतवाढ हवी. हे काम ती आवडीने करीत नव्हती, पण निष्ठेने करी. तिचे म्हणणे सरळ होते. ज्याची वर ओळख असते त्याला नियमाची गरज नसते. ज्याची कोणाशीच ओळख नाही, त्याला नियमावाचून दुसरा आधार नसतो. याच न्यायाने तिने गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या चालकाच्या बायकोच्या भावाला एकतिसाव्या दिवशी बाहेर काढले होते. त्याची नोकरीची मुलाखत चार दिवसांवर होती. तेव्हापासून वरची बाई जिन्यात भेटली की भिंतीकडे पाहत असे.

आणि मग तिची नणंद आली. नवऱ्याला लहानाचे मोठे केले ते या थोरल्या, अविवाहित बहिणीने, शिवणवर्ग चालवून. चार वर्षांपूर्वी वर्ग बंद पडला. या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू लुळी झाली आणि भाड्याची खोलीही सुटली. नवरा तेव्हा दूरच्या ठाण्यावर होता. नियमबाईने स्वतः जाऊन तिला आणले, वहीत तारीख घातली आणि वसाहतीच्या कार्यालयात जाण्याचे आज-उद्या करीत राहिली. घरकाम, आजारपण आणि इतरांच्या मोऱ्या यांत सव्वीस दिवस निघून गेले.

“यादीत नाव नाही,” सव्विसाव्या दिवशी कार्यालयातला कारकून म्हणाला.

“लग्न झालेलं नाही, कमाई नाही. अशी बहीण यादीत बसते. सोळावं पान बघा.”

“बसते हो. पण बसवायची कोणी? हे तुमचे नऊ अर्ज. नऊच्या नऊ सारखे.”

अक्षर तिचेच होते. प्रत्येक बदलीनंतर कुटुंबाची यादी नव्याने भरावी लागते. खोकी अर्धी उघडलेली, पाण्याचा पत्ता नाही, आणि संध्याकाळच्या आत अर्ज द्यायचा; अशा वेळी ही माणसे जुना अर्ज समोर ठेवून नवा उतरवतात. पहिला अर्ज बरोबर होता, कारण तेव्हा नणंद कमावती होती. शेवटच्या अर्जाच्या वेळी ती कमावती नव्हती. सतत घर बदलणाऱ्याला आपले कुटुंब तेवढे स्थिर वाटते, आणि चूक तिथेच होते.

“नवा अर्ज, त्यावर तुमच्या ह्यांची सही, मग छाननी. सहा आठवडे धरा.”

“मुदतवाढ?”

“तीही त्यांच्याच सहीनं, आणि तीस दिवस संपायच्या आत.”

दूरच्या ठाण्यावरून सही येण्यास पंधरा दिवस तरी लागणार होते. हाती चार होते.

घरी नणंद भिंतीला टेकून बसली होती. “काय म्हणाला? मी कोण लागते तुमची?”

“पाहुणी.”

“बरं झालं. पाहुणीला कुणी भाजी निवडायला सांगत नाही.” असे म्हणून तिने उजव्या हाताने ताट पुढे ओढले. थोड्या वेळाने खाली मान घालून म्हणाली, “मी जाते गं. कुठंतरी सोय होईल.”

“वन्सं, जिना उतरता येतो का तुम्हाला? मग गप्प बसा.”

एकोणतिसाव्या दिवशी वरची बाई दारात आली. आत यायला तयार नव्हती.

“माझ्या नावावर लिहा त्यांना. माझ्याकडे तीस दिवस कोरे आहेत. राहू दे खालीच. सगळे हेच करतात.”

“माहीत आहे. मी दोघांना त्यावरून पकडलंय.”

“मग आता स्वतःला पकडा! अहो वहिनी, म्हातारीला रस्त्यावर काढणार का वहीसाठी?”

“काढणार नाही. पण खोटंही लिहिणार नाही. तुमच्या भावाला खरं लिहून घालवलं, आणि माझ्या माणसाला खोटं लिहून ठेवू? कोणत्या तोंडानं?”

माफी नियमबाईने मागितली नव्हती आणि वरच्या बाईने दिली नव्हती. हिशोब मिटला नव्हता. वरची बाई चिडूनच म्हणाली, “मग खरं करा. पाठवा वर. पलंग आहे माझ्याकडे. जेवण तुमचं, रात्रीचं उठणंबसणं मी बघते.”

“तुम्हाला त्रास—”

“होणारच. तुमच्यासाठी करत नाही मी.”

एकतिसाव्या दिवशी सकाळी दोघींनी नणंदेला लाकडी खुर्चीत बसवून अठरा पायऱ्या वर नेले. मधल्या वळणावर खुर्ची टेकवून दोघी धापा टाकत उभ्या राहिल्या. नणंद म्हणाली, “अगं, लग्नात नाही मिळाली पालखी, ती अशी मिळाली.” कोणी हसले नाही, दोघींच्या हातांना कळ लागली होती.

पुढचे सहा आठवडे बरेच लांबले. वरच्या घरातले तीस दिवस संपल्यावर आणखी एका बिऱ्हाडाने खोली दिली, ती तळमजल्यावर. नियमबाई दिवसातून सहा-सात वेळा चढे-उतरे: चहा, औषध, जेवण, धुणे. गुडघे सुजले. प्रत्येक मुक्कामाची नोंद वहीत तारखेसह आहे आणि प्रत्येक नोंद खरी आहे. मंजुरीचा कागद आला त्या दुपारी तिने तो दोनदा वाचला, वन्संचे नाव नीट लिहिले आहे ना ते पाहिले, आणि खुर्ची उचलायला वरच्या बाईला हाक मारली.