एकी की बेकी

जिन्यात शेजारची सई धाकट्या भावाबरोबर चिंचोके खेळत बसली होती. बंद मूठ पुढे करून तिने विचारलं, "बोल, एकी की बेकी?"

"बेकी!" तो ओरडला.

मूठ उघडताना तिने एक चिंचोका हळूच बोटांमागे सरकवला. मग दोघांनी दोन-दोनच्या जोड्या लावल्या. एकही चिंचोका एकटा उरला नाही. भाऊ जिंकला!

ही हातचलाखी माझी. याच पायरीवर मी रोज संध्याकाळी सईकडून हरायचो, आणि काय थाटात हरायचो! कपाळ बडवून "लुटलं हो या पोरीनं!" म्हणत सगळा जिना दणाणून सोडायचो. जोड्या लावता लावता ती मोजायला शिकली. शिकली, आणि एके दिवशी माझं मनगट धरून म्हणाली, "काका, बोटामागचा पण मोजा."

मोजावाच लागला.

"म्हणजे तुम्ही रोज मुद्दाम हरायचात?"

मी हसलो. ती हसली नाही. त्यानंतर चिंचोके घेऊन ती आमच्या दारात आली नाही.

तिला मोजता यावं म्हणूनच तर मी खेळ मांडला होता. पण मोजता यायला लागलं की आपल्यासारख्या हरणाऱ्यांची गरज संपते, हे आधी कुणी सांगत नाही.

आज तिने मान वर करून मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मुकाट्याने जिना चढलो. कुलपाची किल्ली काढायला खिशात हात घातला, तर जुने चिंचोके हाताला लागले. सवयीने मूठ वळली खरी, पण पुढे करणार कुणापुढे?