प्लॅटिनमचे बुडबुडे

काचेच्या भांड्यात बुडबुड्यांची दाट झालर उठली आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी सहकारी सुनंदा मात्र हाताची घडी घालून उभी होती. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायला महागडं प्लॅटिनम लागू नये, म्हणून तिने सहा वर्षं खपून निकेल आणि लोखंडाचा लेप दिलेली पट्टी बनवली होती. आज तीच दाखवायची होती. पण सकाळी विभागप्रमुखांनी ती काढून प्लॅटिनमची लावली.

"मॅडम, बुडबुडे कसे भरभरून दिसले पाहिजेत. पाहुण्यांना काय कळतंय?" ते तेव्हा सुनंदाला म्हणाले होते.

माझं डोकं तडकलं, तरी मी गप्प राहिलो. भाषणात साधेपणाचे गोडवे गायचे आणि चार माणसं आली की चांदीची ताटं मांडायची, ही आपली जुनी खोड. मग गरिबाच्या घरापर्यंत पोचणारी वस्तू जन्माला यायची कशी?

एका पाहुण्याने विचारलं, "म्हणजे हे स्वस्तातलं ना?"

"हो, हो," प्रमुख म्हणाले.

"नाही सर," सुनंदा पुढे झाली. "हे प्लॅटिनम आहे. माझी पट्टी ही."

तिने ती लावली. बारीक, विरळ बुडबुडे संथपणे वर येऊ लागले. पाहुण्यांनी घड्याळं पाहिली. प्रमुख सगळ्यांना चहाला घेऊन गेले.

"मी बोलायला हवं होतं," मी म्हणालो.

भांड्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "मग सकाळी का नाही बोललात?"